शेलगव्हाणची पांढरी माती

२९ सप्टेंबर १९६४

पोचलो एकदाचा. डोणगावपर्यंत एसटीनं आणि पुढं कचरूच्या बैलगाडीनं. कचरू याच गावचा. खोदकामाला मजूर जमवायचं काम शेतकी ऑफिसनं त्याच्याकडं दिलंय. वाटेत त्यानं विचारलं, मास्तरकी सुटल्यावर माणसं काशीले जातात, तुम्ही शेलगव्हाणले काऊन येऊन राह्यले? मी म्हटलं, काशीला कुणी पगार देत नाही. तो बराच वेळ हसत होता. मला बरं वाटलं. शाळा सोडल्यापासून माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं.

काम असं. गावाबाहेरच्या बरडावर इंग्रजांच्या वेळी कपाशीच्या किडीवरची पावडर पुरली आहे, पिंपंच्या पिंपं. सोमलाची पावडर, म्हणजे विषच. ओली होऊन वाया गेली तेव्हा खड्ड्यात लोटली आणि वर माती ओढली. आता ते सगळं उकरून सिमेंटच्या हौदात कायमचं बंद करायचं आहे. साहेब जागा दाखवतील, मजूर खणतील, मी उभं राहून बघायचं. उभं राहून बघण्यातच तर माझा जन्म गेला.

खोली गोजरबाईंच्या घरात मिळाली. बाई विधवा, घरची शेती चांगली, बोलणं खणखणीत. खोली पाहून मी दारातच थांबलो. घट बसायच्या आत सगळं घर पांढऱ्या मातीनं पोतारून काढलेलं. चुन्याचा पांढरा डोळ्यात जातो, हा तसा नव्हे. नव्या वहीच्या पहिल्या पानासारखा, ज्यावर मुलं श्वास रोखून नाव लिहितात तसा. खाटेवर पडून मी त्या भिंतीकडं बघत राहिलो. चौथीच्या पुस्तकातली चिमणीची कविता आपोआप ओठांवर आली. चालीवर म्हटली. आवाज अजून बरा लागतो.

३ ऑक्टोबर

साहेब आले नाहीत. दौऱ्यावर आहेत म्हणे.

परवा गुळाचा खडा खाटेखाली पडला होता. आज झाडताना सापडला, एकही मुंगी लागलेली नाही. मग लक्षात आलं की घरात डास नाही, ढेकूण नाही, पालसुद्धा नाही. गोजरबाईंना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, देवाची माती हाय ते, गुर्जी. मुंगीले कळते, माणसाले कळत नाही. ओढ्याकडच्या अंगाला पांढरीचा देव आहे, त्याच्या पायाशी ही माती निघते. बाया दरसाल टोपल्या भरून आणतात.

त्यांची मुलगी बेबी पहिलटकरणीसारखीच माहेरी आली आहे. पहिलटकरणीसारखीच म्हणायचं, कारण गेल्या साली झालेली मुलगी रडलीच नाही. त्यामुळं गोजरबाई या खेपेला तिला डोळ्याआड होऊ देत नाहीत. रोज सकाळी अंघोळ झाली की देवाच्या मातीची चिमूट तिच्या जिभेवर ठेवतात. मला आमच्या हिची आठवण झाली. तीही दिवस असताना चुलीतली भाजकी माती चोरून खायची आणि मी बघितलं की पदर तोंडाला लावायची. किती वर्षं झाली.

बेबीची खोली माझ्या भिंतीपलीकडं. चौथी पास आहे. दुपारी मी कविता म्हणत होतो, तर पलीकडून पुढची ओळ आली. चाल आमचीच, जुनी. एक कडवं मी, एक तिनं, अशी पुरी केली. शेवटच्या ओळीला दोघंही हसलो.

१५ ऑक्टोबर, दसरा

साहेब नाहीत. बरड ठाऊक आहे, पण नेमकी जागा दाखवणारा नकाशा त्यांच्यापाशी. नुसतं थांबून थांबूनही माणूस थकतो. गुडघ्यांतलं बळ कुणी काढून नेल्यासारखं वाटतं.

बेबीनं सोनं दिलं तेव्हा तिच्या हाताकडं लक्ष गेलं. प्रत्येक नखावर आडवी पांढरी रेघ, पट्टी धरून काढल्यासारखी. गोजरबाईंनी स्वतःचीही नखं दाखवली. देवाची रेघ म्हणाल्या. ज्याच्यावर ते उमटली, त्याले देव ओळखते. पूर्वी गावात थोड्यांना होती, आता घरोघर आहे. सांगताना त्यांच्या तोंडावर अभिमान होता.

दुपारी कचरूनं बोलावलं होतं. आज त्यांच्या वस्तीत धम्माचा सण. निळी पताका लागली होती, मोठ्या पातेल्यात खीर होती. मी ओट्यावर बसलो आणि एकाएकी कानांना काही तरी उमगलं. चिमण्या. वळचणीत, वाशांवर, पोरांच्या पायांत. इतके दिवस मी चिमणीची कविता म्हणतोय आणि गोजरबाईंच्या अंगणात मला चिमणी दिसलेली नाही.

कचरूच्या भिंती पिवळ्या. देवाची माती तुम्ही नाही लावत का, असं विचारलं. तो म्हणाला, पह्यले देव आम्हाले जवळ येऊ देत नव्हता, आता आम्ही त्याच्या जवळ जात नाही. हिशेब मिटला. आम्हाले नाल्याची पिवळीच बरी. त्याची बायको जनकाबाई आतून म्हणाली, गुर्जीले खीर वाढू द्या आधी, देव मंग वाढा.

२९ ऑक्टोबर

आठवडाभर पोट बिघडलं होतं. वही उघडली नाही. आता उलट्या थांबल्या, पण तोंडाला तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव आहे. तळपायांना मुंग्या येतात. घरात नाहीत त्या सगळ्या माझ्या पायांत आल्या असाव्यात.

आजारात एक आवाज ऐकू येत होता. दुपारी, घर निजल्यावर. खर, खर, खर, आणि मग छोटासा खर. तीन लांब आणि एक आखूड. ओवीसारखा. पडल्या पडल्या मी त्यावर शब्द बसवत होतो. उंदीर असेल म्हणावं, तर या घरात उंदीरही नाही.

आज खाटेवरून उठून पाहिलं. उशाशी, भिंतीत खालच्या अंगाला, बोटाएवढं आरपार भोक पडलं आहे. पलीकडून पोखरत आणलेलं. कडेला नखांचे ओरखडे.

पोरीला एका चिमटीनं भागत नाही तर.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली आणि साहेब आले. तरुण, सभ्य, माझ्या वयाला मान देणारे. नकाशा उलगडून त्यांनी बरडावर चार खुंट्या ठोकल्या. कचरू आणि त्याची माणसं तोंडाला फडकी बांधून उतरली. पिंपं लागली, पण सडलेली, चाळणी झालेली, आणि आत काहीच नाही. अवतीभवतीची माती मात्र पांढरीफटक. साहेब म्हणाले, इतक्या पावसाळ्यांत वाहून गेलं असणार, उरलं ते एवढंच. जे निघालं त्याचा वर मोठा ढीग घातला. हौद बांधेपर्यंत ढीग झाकायला हवा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, सिमेंटचं परमिट आलं की दोन्ही एकदमच करू. संध्याकाळी जीप गेली.

ढीग उन्हात चमकत होता. तो रंग मी रोज झोपताना बघतो. पण मन इतकं शिणलं होतं की तिथवर गेलंच नाही.

१२ नोव्हेंबर

आज गेलं.

खड्डा एकदा नीट बघावा म्हणून उतरलो. ओढ्याकडच्या बाजूला एक भगदाड आहे, माणूस वाकून येईल एवढं. ते आमच्या मजुरांनी पाडलेलं नाही, कारण आतल्या भिंती खुरप्यानं तासलेल्या आणि हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या आहेत. तळाशी चिंध्यांची एक चुंबळ पडली होती, बाया डोक्यावर टोपलीखाली घेतात ती. पांढरी झालेली.

वळसा घालून ओढ्याकडं गेलो. भगदाडाचं तोंड तिथंच. आणि तोंडाशी पांढरीचा देव. शेंदराचे थरावर थर, चांदीचे डोळे, पुढं ओल्या नारळाची शकलं. मी हात जोडले. मग वाटलं, दगड इतका सपाट कसा? टकटक केलं. पत्रा वाजला.

चाकूनं कडेचा शेंदूर काढला. ढलप्या पडल्या. आत लोखंडी खांबावर पाटी आहे. पाटीवर कवटी, तिच्याखाली दोन हाडं, आणि इंग्रजीत आणि मोडीत एकच शब्द. विष.

पुरणाऱ्यांनी येऊ नका म्हणून पाटी लावली. वाचणारं कुणी नव्हतं. डोळे आणि दात दिसले, तर बायांनी शेंदूर लावला. मग इथल्या मातीनं मुंग्या मरतात असं दिसलं, म्हणजे देव जागृत. ओढ्याच्या काठावर बसून राहिलो. उठवेना. साहेब विष बरडात शोधत होते. ते केव्हाच गावात गेलं आहे, टोपलीतून, डोक्यावरून, नवसानं. ते माझ्या उशाशी आहे. बेबीच्या जिभेवर आहे.

१३ नोव्हेंबर

गोजरबाईंना सांगितलं. समोर बसवून, पोरांना सांगतो तसं, हळूहळू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी म्हणाल्या, विख असतं तं आम्ही कधीच मेलो असतो. मग विचारलं, तुम्ही देवाच्या तोंडाचा शेंदूर खरवडला? मी हो म्हटलं.  मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, गेल्या साली माह्या नातीच्या वेळी मातीच कमी पडली होती, गुर्जी. पाऊस जास्ती झाला, बायाले जाता आलं नाही. पोरगी निळी जन्मली. या साली मी कमी पडू देत नाही.

मी उठून खोलीत आलो.

बेबीचे दिवस पौषात भरतात. तिला इथून हलवलं पाहिजे. मेहकरच्या दवाखान्यात न्यायला गोजरबाई नाही म्हणतात, पण तिला न्यायचं, एवढंच आता माझं काम.

१४ नोव्हेंबर

साहेबांना पत्र टाकलं. लिहिलं की विष पुरल्याची जागा शोधायची तर नकाशा मागाहून उघडावा. आधी बायांना विचारावं, बाई, तुम्ही माती कुठून आणता. आणि ढीग झाकायला निदान ताडपत्री पाठवा.

अक्षर वाकडं आलं. माझं अक्षर. फळ्यावर लिहिलं की इन्स्पेक्टर थांबून बघत असे.

२० नोव्हेंबर

ताडपत्री नाही. उत्तर नाही.

ढीग कमी झाला आहे. देव यंदा आपण होऊन वर आला, असं गावात म्हणतात. आता भगदाडात वाकायला नको. टोपल्या नाहीत, गाड्या जातात. मी ढिगापुढं आडवा उभा राहिलो. कुणी रागावलं नाही. एका म्हातारीनं माझा हात धरून बाजूला सावलीत बसवलं. म्हणाली, देव धरून राह्यला तुम्हाले, गुर्जी, जास्ती चालू नका.

कचरूच्या घोट्यांवर फोड आलेत. त्याला म्हटलं, आता तू त्या ढिगाकडं फिरकू नको. तो म्हणाला, मले देवानं नाही धरलं, पगारानं धरलं. पण या खेपेला हसला नाही. बेबीला न्यायला गाडी देईन म्हणाला. तिची आई नाही म्हणते, तवा निदान पोरगी हाव म्हणाली पाह्यजे, एवढीच त्याची अट. आमची गाडी अन् त्यांची पोरगी, गुर्जी. उद्या काही झालं तं वस्तीवर येईन सारं.

२८ नोव्हेंबर

शाळा पोतारली. आतून, बाहेरून. पोरं मातीचे खडे खिशात घेऊन फिरतात. पाटीवर पांढरं उमटतं त्यानं. लिहितात, थुंकी लावून पुसतात, बोट चाटतात —

मी ओरडलो. ओठ नुसतेच हलले. पोरांना वाटलं, गुर्जी कविता शिकवतात. उभी राहिली, हात जोडून.

३० नोव्हेंबर

आंघोळीला बसलो तेव्हा दिसलं. माझ्याही नखांवर. तळाशी, बारीक, पांढरी. दाही बोटांवर. गोजरबाईंनी बघितलं. आनंदानं डोळे पुसले. म्हणाल्या, पाहा, माफ केलं त्यानं.

पिवळी माती आणवून माझी भिंत लिंपून घेतली, जनकाबाईकडून. वरवर हात फिरवला तिनं. म्हणाली, आतली निघत नाही गुर्जी, आतलं आतच राह्यलं.

वाळल्यावर भोक पुन्हा तिथंच. मोठं.

१ डिसेंबर

बेबीशी बोललो, भोकातून. तिला आईसमोर बोलता येत नाही. सगळं सांगितलं. पाटी, कवटी, तिची पहिली मुलगी.

पलीकडची खरखर थांबली. मग म्हणाली, मले वाटतच होतं. माती खाल्ली की ते पोटात हलत नाही. निजते. मले वाटे, देवानं निजवलं.

मी विचारलं, मग खातेस कशाला.

म्हणाली, सोडून पाह्यली, गुर्जी. हात आपलाच भिंतीले जाते.

मेहकरला चल म्हटलं. ती हाव म्हणाली. दोनदा विचारलं, दोनदा हाव. परवा पहाटे आई ओढ्यावर जाते, तेव्हा. कचरूला सांगितलं. गाडी मागच्या दाराशी लावेल. घुंगरं काढून.

२ डिसेंबर

पाय उचलत नाहीत. घरातून निघताना तिला हाताला धरायचं ठरलं होतं. आता तीच मला —

दुपारी कविता म्हणायचा प्रयत्न केला. शेवटचं कडवं येत नाही. वळचण येते, काडी येते, पिलू येत नाही. पलीकडं म्हटलं, बेबी, पुढं काय? पलीकडून खर, खर, खर. खर.

बेबी, उद्या जायचंय ना. थांब आता.

हाव म्हणाली. आवाज तोंडात काहीतरी असल्यासारखा —

३ डिसेंबर

पहाट. लिहितोय म्हणजे जागा राहीन. गोजरबाई ओढ्यावर गेल्या. दार वाजलं.

भिंतीत भोक आता मुठीएवढं. हाक मारली. बेबी, ऊठ, गाडी येईल.

हात आला भोकातून. बारीक मनगट, बांगडी कोपरापर्यंत घसरलेली. नखं — रेघा सरकल्यात, वर, टोकाशी पोचल्या. चिमटीत माती. म्हणाली, थोडी घ्या गुर्जी, पाय दुखायचे थांबतात.

नको म्हटलं. हात तसाच राहिला.

तो मागं घे, पोरी. चपला घाल. मागचं दार उघड.

हाव म्हणते. हात हलत नाही.

मी उठतो. भिंतीला धरून — भिंतीला नको धरायला — पण धरायला दुसरं काही —

जिभेवर गोड लागलं. मी नाही — बोट लागलं असेल नुसतं. लागलंच असेल.

गाडी आली. ऐकू येते. बेबी, गाडी आली.

घुंगरं वाजतात.

कचरू घुंगरं काढून येणार होता. आणि रिकामी गाडी अशी जड वाजत नाही, चाकं रुततात, दारापुढं थांबली, पुढच्या दारापुढं. गोजरबाई कुणाला तरी सांगतात, इथंच टाका, अंगणात, सारी माती, माह्या बेबीच्या खोलीले आतून पुन्हा एक हात

बेबी, भिंतीपासून हट, बेबी तू हाव म्हणालीस, दोनदा म्हणा